मधलं फळ

माझ्या घराला लागून जी सफरचंदाची बाग आहे, तिथे दरवर्षी विरळणी करायला येणाऱ्या बाईला तिच्या पाठीमागे सगळे ‘ठिणगी’ म्हणतात. तोंडावर ‘ताई’. हे टोपणनाव तिला शाळेत पडलं. ते पाडणारी मुलं आता आजोबा झाली, तरी नाव काही बदललं नाही.

तिचा नवरा सुतार आहे. बागांसाठी तीन पायांच्या शिड्या बनवतो आणि दिवसाला दहा वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाही. एकदा माझ्या खिडकीची चौकट बसवताना मात्र म्हणाला, “बाई, आमच्याकडे गॅस पेटवायला काडी लागत नाही. हिला नुसतं शेगडीजवळ उभं करायचं.” ती शेजारीच खिळ्यांचा डबा धरून उभी होती. तिने तो टेबलावर असा आदळला की चार-पाच खिळे उडून कपाटाखाली गेले. मग स्वतःच गुडघ्यांवर बसून तिने ते शोधून काढले, मोजले, एक कमी भरला म्हणून पुन्हा वाकली.

तिच्या रागाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की तो आंधळा नाही. मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं. राग पुष्कळ पाहिले. बहुतेक माणसांना राग आला की दिसायचं बंद होतं. हिला जास्त दिसतं. कोणी न बघता काम उरकलं, न बघता उत्तर दिलं, न बघता दार लावलं आणि कोणाचं तरी बोट सापडलं, की ती पेटते. चुकलेल्या माणसावर ती चिडत नाही. न बघणाऱ्यावर चिडते.

ज्यांनी सफरचंद फक्त दुकानात पाहिलं आहे त्यांना विरळणी म्हणजे काय ते सांगते. या झाडाला फुलं झुपक्यांनी येतात, एका झुपक्यात पाच-सहा. फुलं झडली की तेवढीच फळं धरतात, गोटीएवढी, हिरवी. सगळी ठेवली तर सगळीच लिंबाएवढी होऊन थांबतात, फांद्या ओझ्याने फाटतात, आणि झाड इतकं दमतं की पुढच्या वर्षी फुलायचं नाव घेत नाही. म्हणून फुलोऱ्यानंतर पाच-सहा आठवड्यांच्या आत झुपक्यात एक फळ ठेवून बाकीची खुडायची, आणि ठेवलेल्या दोन फळांमध्ये वीतभर अंतर राखायचं. हे काम हातानेच होतं. अंगठ्याच्या नखाने देठ तोडायचा. ओढायचं नाही, कारण ओढलं तर फळ जिच्यावर धरतं ती आखूड काडीच उपटून येते. त्या दिवसांत ठिणगीच्या उजव्या अंगठ्याचं नख काळंकुट्ट असतं आणि ती कोणाला नमस्कारसुद्धा मुठी मिटून करते.

नवशिक्याला एकच नियम सांगतात: मधलं ठेवा. झुपक्यातलं मधलं फूल सगळ्यांच्या आधी उमलतं, म्हणून त्याचं फळ बहुतेक वेळा थोराड असतं. ठिणगी हा नियम पहिल्या दिवशी शिकवते आणि तिसऱ्या दिवशी मोडायला लावते. “नियम हातांना सांगितलाय, डोळ्यांना नाही,” असं तिचं म्हणणं. “देठ बघ. जाड आहे? हिरवा आहे? मग ते ठेव. मधलं असो नाहीतर कडेचं.”

हे काम ती तिच्या वडिलांकडून शिकली. शेजारची बाग त्यांचीच. सगळे त्यांना आबा म्हणायचे.

ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंही माझ्या वर्गात होती. शाळा लहान, एका खोलीत दोन इयत्ता बसायच्या. ती तेरा वर्षांची, तो बारा. निकालाच्या दिवशी आबा चिखलाने भरलेल्या बुटांनिशी वर्गाच्या दाराबाहेरच उभे राहिले. आत यायला लाजत होते. म्हणाले, “बाई, मुलीचं नाव काढतो. दोघांना पुढच्या शाळेत पाठवणं मला झेपणार नाही. एका झुपक्यात एकच ठेवायचं असतं. मुलाला ठेवतो.” आवाजात कठोरपणा नव्हता. उद्या ऊन पडेल, असं सांगावं तसं ते बोलले.

दोघांची गुणपत्रकं मी पाकिटात घालून, डिंकाने चिकटवून ठेवली होती. ती त्यांच्या हातात दिली. मुलीच्या पाकिटात दोन्ही इयत्तांमधला पहिला नंबर होता. मुलाच्या पाकिटात गणित नापास, वर ढकलला, असं होतं. हे मी तोंडाने सांगायला हवं होतं. माझ्या नोकरीचं दुसरंच वर्ष होतं; समोर वडिलांच्या वयाचा माणूस. मी एवढंच म्हटलं, “घरी जाऊन बघा हं.” वाटलं, कागद बोलेल.

आबांनी दोन्ही पाकिटं कोटाच्या आतल्या खिशात घातली.

भाऊ पुढे शिकला, मोठ्या शहरात एका कार्यालयात लागला. ती आबांच्या मागून शिडी उचलत बागेत फिरू लागली. एका वर्षी मधल्या फळांना कीड लागलेली पाहून तिने एका आख्ख्या झाडावर कडेची फळं ठेवली. आबांनी सगळ्यांसमोर तिला झाडलं. तिनेही मागे हटायचं नाकारलं आणि दोन दिवस बापलेकीत अबोला होता. फळं तयार झाली तेव्हा आबा त्या झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. त्यानंतर तिला विचारल्याशिवाय त्यांनी एकाही फांदीला हात लावला नाही. पुढे ती आसपासच्या सगळ्या बागांची विरळणी करू लागली, स्वतःची माणसं तयार केली. एवढं सगळं दिलं आबांनी तिला, हे ती मान्य करते. तरी त्यांचं नाव काढलं की जबडा आवळते.

ते का, ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं. आबा गेले आणि त्यांची ट्रंक आवरून ती भर दुपारी माझ्याकडे आली. टेबलावर एक पाकीट टाकलं.

“बाई, हे अक्षर तुमचं?”

माझंच होतं. डिंक पिवळा पडला होता, पण कड कुठेही सुटली नव्हती.

“मला वाटायचं,” ती म्हणाली, “की त्यांनी वाचलं, आणि वाचूनही ठरवलं. त्याचा राग मी इतकी वर्षं सांभाळला. तो तरी बरा होता हो! निदान मला बघून बाजूला काढलं असं होतं. ह्यांनी तर बघितलंच नाही, बाई. फळ खुडतानासुद्धा माणूस एकदा वळवून बघतो.”

“मग आता तू तरी उघड.”

“मी कशाला? मला माहीत आहे आत काय आहे. पेपर तुम्ही वर्गात वाटले होतेत. ज्याने उघडायचं तो गेला.” तिने पाकीट उचललं, पदरात खोचलं आणि चहा न पिता गेली.

गेल्या वर्षी भाऊ निवृत्त होऊन परतला. ती त्याला अजून ‘बाळ्या’च म्हणते, मजूर ‘साहेब’ म्हणतात. शांत माणूस, खिशाला पेन, डोक्याला टोपी. वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नाही. आल्या आल्या त्याने प्रत्येक झाडाला क्रमांकाची पट्टी बांधली. ती पाहून ताई म्हणाली, “ओळखपत्रं दिलीस ते छान झालं. आता हजेरी कधी घेणार?” तो हसला, पण कान लाल झाले. बागेत कोणीही काहीही विचारायला आलं की आधी ताईकडे बघायचं, हे त्याला बोचत असणार. साठीच्या माणसाला आपल्याच बागेत पाहुणा झाल्यासारखं वाटणं सोपं नसतं.

या वर्षी फुलोरा लवकर आला. तीन दिवस छान ऊब होती, झुपक्यांमधली मधली फुलं उघडली, बाकीच्या कळ्या मिटलेल्याच होत्या, आणि चौथ्या दिवशी पहाटे दंव गोठलं. सकाळी मी गवतावरून चालले तर पायाखाली कुरकुर वाजत होतं. पुढे ऊन पडलं, उरलेल्या कळ्या फुलल्या, फळं धरली, आणि सगळे ती पहाट विसरून गेले.

विरळणीची वेळ आली तेव्हा ताई पलीकडच्या उतारावरच्या मोठ्या बागेत कामाला होती. ती भावाला सांगून गेली, “सोमवारी माझी माणसं घेऊन येते. तोवर एका फळाला हात लावू नकोस.”

शुक्रवारी सकाळी मी ओट्यावर बसले होते. कुंपणापलीकडे चार शिड्या लागलेल्या दिसल्या, आणि फळं पडल्याचा टपटप आवाज ऐकू आला. साहेब एका हातात पुस्तक धरून सांगत होते, “मधलं ठेवायचं. फक्त मधलं. बाकी सगळी खाली.” बाहेरून आणलेली तीन माणसं होती, चौथी ताईच्याच हाताखाली तयार झालेली, आम्ही जिला चष्मेवाली म्हणतो ती.

चष्मेवाली शिडीवरून म्हणाली, “साहेब, ताई आधी देठ बघायला सांगतात...”

“ताई सोमवारी सांगतील. आज मी सांगतोय.”

तिने चष्मा वर सरकवला आणि गप्प कामाला लागली. मला त्या कामातलं फार कळत नाही, पण ही बाई फळ खुडताना मान फिरवतेय एवढं मला दिसलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अकरापैकी तीन ओळी झाल्या. मी फोन लावला.

“काय झालं, बाई? पडलात की काय?”

“मी नाही पडले. तुमच्या बागेतली फळं पडताहेत.”

पलीकडून शिडी आदळल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

अर्ध्या तासात सुताराचा टेंपो फाटकाशी आला. तो पुरता थांबायच्या आत ती खाली उतरली होती. मीही कुंपणाच्या छोट्या दारातून आत गेले. भांडण मिटवायला असं मी स्वतःला सांगितलं.

ती भावाकडे गेली नाही. आधी पहिल्या ओळीतल्या एका झाडाशी गेली, फांदी खाली ओढली, ठेवलेलं फळ बोटांत धरून फिरवलं. मग दुसऱ्या झाडाशी. मग ती खाली बसली आणि गवतात पडलेली फळं चाचपू लागली. उठली तेव्हा तिच्या ओंजळीत कडेची फळं होती, जाड हिरव्या देठांची.

“सगळे खाली उतरा,” ती म्हणाली. ओरडली नाही, पण चारही शिड्या रिकाम्या झाल्या.

“ताई, हे बघ,” साहेब पुस्तक उघडून पुढे आले, “इथे स्पष्ट लिहिलंय...”

“पुस्तकात ती पहाट लिहिली होती?”

“कुठली पहाट?”

“कुठली पहाट! अरे, दंव पडलं तेव्हा मधलीच फुलं उघडी होती. तीच मार खाऊन बसलीत. तू मेलेली ठेवलीस आणि जिवंत खुडलीस!”

“मेलेली? चांगली दिसतायत की. उलट मोठी आहेत.”

तिने कंबरेचा चाकू काढला, झाडावरचं एक मधलं फळ तोडलं, मधोमध कापलं आणि त्याच्यापुढे धरलं. आत बिया तपकिरी होत्या, तपकिरीपेक्षा काळ्याच, आणि सुकलेल्या; इतक्या कोवळ्या फळात बी पांढरी असायला हवी. साहेबांनी नजर पुस्तकावर ठेवली.

“एका फळावरून काही ठरत नाही.”

तिने दुसरं कापलं. दोन्ही फोडी शिडीच्या पायरीवर ठेवल्या. तिसरं. चौथं. नुसता चाकूचा आवाज. आठ फळांच्या सोळा फोडी पायरीवर रांगेत लागल्या, आणि चष्मेवालीने तोंडाला हात लावला. साहेब मात्र मजुरांकडे बघत होते, टेंपोकडे बघत होते, शेवटी माझ्याकडे.

“बाई, तुम्ही तरी सांगा हिला. चारचौघांत असं...”

“मला दिसतंय ते,” मी म्हटलं. “तू बघ.”

“बघत का नाहीस?” आता मात्र ती ओरडली. इतकी वर्षं तिला ओळखते, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. “चुकलास त्याचं काही नाही, मीसुद्धा चुकते! पण समोर धरलंय, नाकासमोर धरलंय, तरी मान फिरवतोस? आबांनी माझा कागद खिशात घातला आणि मरेपर्यंत उघडला नाही. तूही तसलाच? या घरात कोणाला डोळे दिलेच नाहीत का? मधलं ठेवा, मधलं ठेवा! मधलं आहे म्हणून ठेवायचं, बाकी कशाला बघायचं!”

साहेबांनी पुस्तक मिटलं. पायरीवरची एक फोड उचलली, अंगठ्याने बी दाबली. ती भुगा होऊन बोटाला चिकटली. दुसरी फोड उचलली. तिचंही तसंच. मग त्यांनी हात पुढे करून तिच्याकडून चाकू मागून घेतला आणि गवतातलं एक कडेचं फळ कापलं. बिया पांढऱ्याशुभ्र होत्या.

“तीन ओळी,” ते म्हणाले.

“तीन ओळी. खुडलेलं परत चिकटवता येत नाही.”

“मला वाटलं, एकदा तरी... तुला न विचारता.” त्यांनी टोपी काढली. “ताई, मला माहीत होतं.”

“काय?”

“तेव्हाचं. मी गणितात नापास होतो ते. तुझा पहिला नंबर होता ते. आबांनी माझं पाकीट माझ्यासमोर फोडलं होतं. तुझं नाही फोडलं. मी बघत होतो.”

सुतार टेंपोच्या दाराला हात लावून उभा होता.

“मग बोलला का नाहीस?”

“बारा वर्षांचा होतो गं.”

“मी तेरा वर्षांची होते,” ती म्हणाली.

मला वाटलं आता ती रडेल. मी इतकी वर्षं ओळखूनही तिला ओळखलं नाही असंच म्हणायचं. तिने त्याच्या हातातून चाकू घेतला, पुसला, कंबरेला खोचला आणि चौथ्या ओळीकडे बोट केलं.

“चढ शिडीवर.”

“मी?”

“मग कोण, बाई चढणार? चढ. टोपी ठेव खाली, पानं अडकतात. एकेक फळ वळवून बघायचं. मागून, पुढून, देठाशी. एकही न बघता खुडलंस तर शिडी ओढून घेईन.”

संध्याकाळपर्यंत साहेब शिडीवर होते. “हे ठेवू का ते?” असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा खालून उत्तर आलं, “मला काय विचारतोस? डोळे कशाला आहेत?” दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. तिची माणसं दुसऱ्या दिवशीच आली आणि आठ ओळी वेळेत झाल्या.

पहिल्या तीन ओळींमध्ये काहीच करता आलं नाही. दोन आठवड्यांत देठ पिवळे पडले आणि फळं आपोआप गळू लागली. मजूर झाडू घेऊन आले तर ताईने परत पाठवले. “पडू दे तिथेच. त्याला रोज त्यावरून चालू दे.” मला ते जरा जास्तच वाटलं आणि मी तसं म्हटलं. “जास्तच आहे,” ती म्हणाली. “कमी करून बघितलं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही.”

साहेब रोज त्यावरून चालत. पण नुसते चालत नसत. खिशात पेनाच्या जागी आता छोटा चाकू असे. वाकून एखादं फळ उचलायचे, कापायचे, आत बघायचे, टाकायचे. सकाळी ओट्यावरून मी ते बघत असे.

पुढचं मला सुताराने सांगितलं, माझ्या शिडीचा पाय बसवताना. त्याच्या आठवड्याभराच्या वाट्याची सगळी वाक्यं त्याने त्या एका बैठकीत खर्च केली.

साहेब एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, ते पाकीट दे. मी उघडतो.”

“तुझ्या नावाचं नाहीये ते.”

“माहीत आहे. म्हणूनच.”

ती बराच वेळ भांडी घासत राहिली, आवश्यक होतं त्यापेक्षा जास्त जोरात. मग आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि पाकीट त्याच्या छातीवर येऊन आदळलं. त्याने ते खाली पडलेलं उचललं, चाकूने कड नीट कापली, कागद दिव्याखाली धरला आणि उभ्याउभ्या वाचायला लागला. एकेक विषय, एकेक गुण, शाळेत निकाल वाचतात तसं मोठ्याने. सुताराने रंधा खाली ठेवला होता. तिची पाठ दाराकडे होती आणि नळ वाहत होता.

“गणित,” भाऊ म्हणाला, “सत्त्याण्णव.”

तिने नळ बंद केला.

“अठ्ठ्याण्णव,” ती म्हणाली. “नीट बघ.”

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. शाई पुसट झाली होती.

“अठ्ठ्याण्णव,” तो म्हणाला.